कॅन्सर बरा झाला, पण विम्याच्या फॉर्मवरचा प्रश्न कधी संपणार?

ऋता

नमस्कार मंडळी,

विशीत मला हॉजकिन्स लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) झाला होता. आधी केमो, मग छातीला रेडिएशन. उपचार संपून आता दहा वर्षांच्या वर होऊन गेली. त्याच वॉर्डात त्याच आजाराची, जवळजवळ त्याच स्टेजची एक मुलगी होती. केमोच्या खुर्च्या शेजारीशेजारी, त्यामुळे मैत्री झाली ती कायमची. पुढे लग्न होऊन मी फ्रान्सला आले, ती भारतातच राहिली. दोघी ठणठणीत आहोत.

गेल्या वर्षी दोघींनीही आपापल्या ठिकाणी घरासाठी कर्ज काढलं. फ्रान्समध्ये कर्जाबरोबर विमा घेण्याची कायद्याने सक्ती नाही, पण विम्याशिवाय बँक कर्ज देतच नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या फॉर्मवर तब्येतीबद्दल एकही प्रश्न नव्हता. २०२२ च्या लेमोइन कायद्यानुसार विम्याखालचा माणशी वाटा २ लाख युरोच्या आत असेल आणि साठावा वाढदिवस यायच्या आत कर्ज फिटणार असेल, तर विमा कंपनीला वैद्यकीय प्रश्नावली देताच येत नाही. त्याहून मोठं कर्ज असतं तर प्रश्नावली आली असती, पण तिथेही उपचार संपून ५ वर्षं झाली असतील आणि आजार उलटला नसेल, तर कॅन्सरबद्दल काही सांगावं लागत नाही. याला 'विसरले जाण्याचा हक्क' म्हणतात. आधी ही मुदत १० वर्षांची होती (२०१६ चा कायदा), २०२२ मध्ये ती ५ वर आणली.

मैत्रिणीने कर्जाला आधार म्हणून टर्म इन्शुरन्सचा अर्ज केला. तो नाकारला. कारण काय, तर 'वैद्यकीय इतिहास'. पुढे एक अक्षर नाही. कुठल्या आकडेवारीवरून नाकारलं, किती वर्षांनी पुन्हा अर्ज करावा, काहीच नाही. आजार तोच, उपचार तेच, डॉक्टरही तेच. फरक फक्त कायद्याचा.

माझं मत स्पष्ट आहे. ठरावीक वर्षांनंतर हा प्रश्न विचारायलाच कायद्याने बंदी हवी. कंपनीच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. तुमचे अनुभव, माहिती, विरोधी मतं, सगळं लिहा.

मुक्तछंद

+१. नवरा दिवसाला अर्धं पाकीट सिगारेट ओढतो. थोडा जास्त हप्ता लावून त्याला पॉलिसी मिळाली. मी रोज पाच किलोमीटर चालते, सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण थायरॉइडचा कॅन्सर 'होता' म्हणून माझा अर्ज तीनदा परत. आता आम्ही ठरवलंय, तो सिगारेट सोडेपर्यंत माझ्याबरोबर चालायला यायचं. पॉलिसीचं वसूल झालं पाहिजे ना!

गणिती_विजय

ऋता, तुमच्या आणि मैत्रिणीच्या तब्येतीबद्दल आनंद आहे. पण मी आयुर्विम्यात ॲक्च्युअरी (धोक्याचं आणि हप्त्याचं गणित मांडणारा) म्हणून काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

टर्म पॉलिसीत आम्ही एकच गोष्ट मोजतो: अमुक वयाच्या, अमुक प्रकारच्या हजार माणसांपैकी पुढच्या वीस-तीस वर्षांत किती जातील. एखाद्या गटाचा मृत्युदर जास्त असेल आणि ती माहिती मागायची मला मनाई असेल, तर तो जास्तीचा भार गटातल्या बाकीच्यांच्या हप्त्यात जातो. हे वाईट आहे असं नाही, पण तो कोणीतरी भरतोच.

दुसरं, स्वतःला धोका जास्त आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो मोठ्या रकमेचा विमा घेतो. फ्रान्सने २ लाख युरोंची मर्यादा ठेवली, ती मला यासाठीच पटते. मर्यादा नसती तर मीही या कायद्याला विरोध केला असता.

आणि ऋता, तुमचंच उदाहरण घेतो, राग मानू नका. छातीला रेडिएशन घेतलेल्या हॉजकिन्सच्या रुग्णांत हृदयविकार आणि स्तनाचा कॅन्सर पंधरा-वीस वर्षांनीही दिसतो. मग 'पाच वर्षं झाली, विषय संपला' असं शास्त्र म्हणतं का?

ऋता

राग कसला, तुमच्यासारख्यांनीच या धाग्यावर बोलायला हवं. उशिरा होणाऱ्या परिणामांची मला कल्पना आहे. दर वर्षी त्याचीच तपासणी करून घेते. पण मैत्रिणीला यातलं काहीही न सांगता थेट नकार आला. तुम्ही म्हणता तसं गणित कोणी केलं असतं आणि 'इतका हप्ता जास्त' म्हणाले असते, तर तिने मुकाट भरला असता.

डॉ_सायली

मी रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आहे. विजय यांनी मांडलेला मुद्दा खरा आहे, पण अर्धा.

हृदयाचे आणि स्तनाच्या कॅन्सरचे उशिराचे धोके ज्या अभ्यासांत प्रकर्षाने दिसले, त्यांतल्या बऱ्याच रुग्णांना जुन्या पद्धतीचं 'मॅन्टल फील्ड' रेडिएशन दिलेलं होतं. मान, काख, छातीचा मधला भाग, सगळं एका मोठ्या क्षेत्रात घ्यायचे आणि डोसही जास्त असायचा. आता ज्या गाठींमध्ये आजार होता तेवढ्याच भागाला, कमी डोसमध्ये देतो. काही रुग्णांना तर रेडिएशन लागतच नाही. धोका शून्य झाला असं मी म्हणणार नाही. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचे आकडे आजच्या पंचविशीतल्या मुलीला लावणं बरोबर नाही. आणि आकडे जमायला वर्षं लागतात, त्यामुळे विम्याची कोष्टकं उपचारांच्या नेहमीच मागे राहतात.

दुसरी गोष्ट. 'कॅन्सर' हा एक आजार नाही. लवकर सापडलेला वृषणाचा कॅन्सर, पॅपिलरी थायरॉइड, लहान मुलांतला एएलएल (रक्ताचा कॅन्सर) आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर हे एकाच रकान्यात टाकणं वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक आहे. काही प्रकारांत काही वर्षांनंतर रुग्णाचं आयुर्मान त्याच वयाच्या इतरांएवढंच होतं. ओपीडीत लोक मला म्हणतात, 'मॅडम, पूर्ण बरा झाल्याचं लिहून द्या ना.' मी लिहून देते, आणि तेच पत्र जोडलेला अर्ज नाकारला जातो. याचा मला फार त्रास होतो.

वाटसरू

एवढं कशाला? फॉर्मवर 'नाही' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कोण बघतंय?

कावेरी

वाटसरू, असं कृपया कोणालाही सांगू नका.

माझ्या धाकट्या भावाला कोणीतरी अगदी हेच सांगितलं होतं. त्याला आतड्याचा कॅन्सर होऊन गेला होता, बरा झाला होता. एजंटने फॉर्म भरला, प्रश्नासमोर 'नाही' टिक केलं, याने सही केली. पॉलिसी घेऊन दोन वर्षं व्हायच्या आत तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. कॅन्सरचा काडीचा संबंध नव्हता. तरीही कंपनीने चौकशी लावली, जुन्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि 'माहिती लपवली' म्हणून क्लेम फेटाळला. वहिनी पदरात दोन मुलं घेऊन ग्राहक आयोगात तारखा घालतेय. त्या फाईलमध्ये फॉर्मची झेरॉक्स आहे. त्यावरची ती एक टिक मी इतक्या वेळा बघितलीय की डोळे मिटले तरी दिसते.

सही आपली असते, भोगावं मागे राहिलेल्यांना लागतं. ऋताच्या फ्रान्समध्ये न सांगण्याची मुभा कायद्याने दिली आहे, म्हणून न सांगणं सुरक्षित आहे. जिथे कायदा नाही तिथे लपवणं म्हणजे कुटुंबाच्या गळ्याला फास लावणं आहे.

वाटसरू

कावेरीताई, हे वाचून सुन्न झालो. वहिनींना न्याय मिळो. माझा सल्ला कोणीही मनावर घेऊ नका.

ॲड_निशिगंधा

कावेरी, मनापासून सहवेदना. तुमच्या वहिनींच्या वकिलांनी पाहिलं असेलच, तरी इतरांच्या माहितीसाठी भारतातली स्थिती लिहिते.

आयुर्विमा: विमा कायदा १९३८ चं कलम ४५ (२०१५ ची दुरुस्ती). पॉलिसीला ३ वर्षं पूर्ण झाली की कोणत्याही कारणावरून तिला आव्हान देता येत नाही. ३ वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याचं कारण देता येतं. त्यामुळे 'तीन वर्षं ढकलली की झालं' असं म्हणून लपवणारे भेटतात. मृत्यू काही तारीख बघून येत नाही.

आरोग्य विमा: १ एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचे नवे नियम आहेत. आधीपासून असलेल्या आजाराचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३६ महिने (पूर्वी ४८). सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही (पूर्वी ही मुदत ८ वर्षं होती). आणि व्याख्या नीट वाचा. 'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला, किंवा ज्यासाठी त्या काळात सल्ला वा उपचार घेतला असा आजार. म्हणजे दहा वर्षांपूर्वी बरा झालेला कॅन्सर या व्याख्येत बसायला कठीण. पण प्रस्तावाच्या फॉर्मवर 'कधीही झाला होता का' असं विचारतात, आणि विचारलं की खरं उत्तर देणं बंधनकारक. व्याख्या एकीकडे आणि फॉर्म दुसरीकडे, आणि आपली माणसं या फटीत अडकतात.

आता ऋताच्या मूळ मुद्द्याकडे. आपल्याकडे हे अशक्य आहे असं अजिबात नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ मध्ये विमा नाकारणं किंवा विम्यात अन्यायाने वागवणं हा भेदभाव ठरवला आहे. ॲक्च्युरियल अभ्यासाचा आधार असेल तरच सूट. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) ने शारीरिक आजारांच्या धर्तीवर मानसिक आजारांना आरोग्य विमा देणं बंधनकारक केलं. दोन आजारांसाठी संसदेने दार उघडलं आहे. कॅन्सरमधून बरे झालेल्यांसाठी तेच वाक्य लिहायचं आहे.

गणिती_विजय

एचआयव्ही कायद्यातली ती सूट मला फार शहाणपणाची वाटते. 'नाकारा, पण आधी अभ्यास दाखवा.' पुरावा द्यायची जबाबदारी आमच्यावर. याला माझा पूर्ण पाठिंबा.

हेमंत_ब

मी बेल्जियममध्ये असतो. इथली वाटचाल बघण्यासारखी आहे. २०१९ च्या कायद्यात मुदत १० वर्षं होती. जानेवारी २०२३ पासून ८ आणि जानेवारी २०२५ पासून ५. आकाश कोसळलं नाही. शेजारी नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून आयुर्विमा आणि अंत्यविधी विमा या दोन्हींना नियम लागू आहे: १० वर्षं, आणि २१ व्या वर्षाआधी निदान झालं असेल तर ५. स्पेनने २०२३ मध्ये थेट ५ वर्षांचा नियम केला.

युरोपियन संसदेने फेब्रुवारी २०२२ च्या ठरावात सगळ्या सदस्य देशांना सांगितलं होतं की २०२५ पर्यंत १० वर्षं, आणि अठराच्या आत कॅन्सर झालेल्यांसाठी ५ वर्षं असा हक्क द्या. ठराव बंधनकारक नव्हता. बंधनकारक झाला तो २०२३ चा ग्राहक कर्जाचा निर्देश. त्यात कर्जाशी जोडलेल्या विम्यासाठी उपचार संपल्यावर जास्तीत जास्त १५ वर्षांनी कॅन्सरची माहिती वापरायला बंदी आहे आणि अंमलबजावणीची तारीख २० नोव्हेंबर २०२६ आहे. १५ वर्षं म्हणजे तिशीत बरा झालेला माणूस पंचेचाळिशीत मोकळा. शिवाय हा निर्देश ग्राहक कर्जांचा, घर तारण ठेवून घेतलेली कर्जं त्यात येतच नाहीत. ज्या कर्जासाठी माणूस सगळ्यात जास्त रडतो तेच बाहेर. त्यामुळे 'युरोपात हा प्रश्न सुटला' अशी बातमी कुठे वाचली तर विश्वास ठेवू नका. देशादेशाचा कायदा बघावा लागतो.

शब्दवेडी

इटलीचा कायदा (क्रमांक १९३, डिसेंबर २०२३) मला सगळ्यात आवडला. १० वर्षं, आणि २१ च्या आत निदान असेल तर ५. पण तो बँक-विम्यापुरता नाही. मूल दत्तक घेताना आणि नोकरीच्या स्पर्धा परीक्षांतही जुन्या कॅन्सरची चौकशी करता येत नाही.

दत्तकाबद्दल वाचून मला रडू आलं. आम्ही त्यातून गेलोय. माझ्या फाईलवर 'अर्जदाराच्या आयुर्मानाबाबत स्पष्टता हवी' असा शेरा मारला होता. शेवटी मूल मिळालं, आता आठवीत आहे, बीजगणितात माझ्याहून हुशार. पण तो शेरा मारणाऱ्याला स्वतःच्या आयुर्मानाबाबत कोणती स्पष्टता होती?

मुक्तछंद

शब्दवेडी 🙏 लेकराला खूप आशीर्वाद.

पन्हळे_काका

थोडं विषयांतर. मुलीकडे ब्रिटनला जायचं होतं. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन सात वर्षं झाली, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) अगदी खाली. प्रवास विम्याने कॅन्सर वगळला तो वगळलाच, वर हप्ता असा सांगितला की तेवढ्यात आणखी एक तिकीट आलं असतं. सौ. म्हणाल्या, मग मलाच दोनदा जाऊ दे.

अनुजा_लंडन

काका 😄 पण काकूंच्या योजनेत दम आहे.

प्रवास विम्याबद्दल इथली माहिती देते. ब्रिटनमध्ये इक्वॅलिटी ॲक्ट २०१० नुसार कॅन्सर झालेल्या व्यक्तीला निदानाच्या दिवसापासून अपंगत्व कायद्याचं संरक्षण मिळतं. विमा कंपनीला वेगळं वागवायचं असेल तर भरवशाची माहिती आणि वाजवी कारण लागतं. 'विसरले जाण्याचा हक्क' म्हणून वेगळा कायदा मात्र नाही. प्रवास विम्यासाठी २०२१ पासून एक उपयोगी नियम आहे: कंपनीने आजारपणामुळे नकार दिला किंवा ठरावीक रकमेहून जास्त हप्ता वाढवला, तर गंभीर आजार असलेल्यांना विमा देणाऱ्या कंपन्यांच्या यादीचा पत्ता तिने द्यायलाच हवा. छोटी गोष्ट आहे, पण 'नाही' म्हणून दार लावण्यापेक्षा 'तिकडे विचारा' म्हणणं बरं. माणसाला निदान पुढची पायरी दिसते.

सुमेधा_प

माझा प्रश्न वेगळा आहे. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं संपलं. पण टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे आणि डॉक्टर दहा वर्षं घ्या म्हणतात. मग माझा 'उपचार संपला' कधी धरायचा? या हिशोबाने ५ वर्षं म्हणजे १५ झाली.

डॉ_सायली

सुमेधा, मला वाटतं या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनमुळे वाढणाऱ्या) आजारात ५ ते १० वर्षं गोळी देतो. ती पुन्हा आजार होऊ नये म्हणून असते. गोळी चालू आहे म्हणजे आजार अंगात आहे, असा अर्थ फॉर्म वाचणारे सर्रास काढतात.

ऋता

सुमेधाताई, फ्रान्समध्ये याचं उत्तर स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑपरेशन, रेडिएशन, केमो हे सक्रिय उपचार ज्या दिवशी संपले आणि आजार उलटला नाही, तो दिवस धरायचा. त्यानंतर हार्मोनची गोळी किंवा इम्युनोथेरपी चालू असली तरी घड्याळ थांबत नाही. नियमात हे वाक्य नसतं तर लाखो बायका बाहेर राहिल्या असत्या. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी आजार पूर्ण नाहीसा झाल्याचं सांगितलं तिथून मोजतात. कायदा करताना वर्षांच्या आकड्यावर सगळे भांडतात, पण मोजणी कुठून सुरू करायची यावरच अर्धा हक्क ठरतो.

निळासावळा

आणि ज्यांचा उपचार संपतच नाही ते? मला सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर) आहे. रोज एक इमॅटिनिबची गोळी. पंधरा वर्षांपूर्वी लग्न ठरताना डॉक्टर माझ्या सासऱ्यांना म्हणाले होते, 'मधुमेहासारखं समजा.' सासऱ्यांनी समजून घेतलं, विमा कंपनीने अजून घेतलेलं नाही. पाच काय, दहा काय, माझं मोजणं सुरूच होणार नाही.

मला ऋताताईंचा मुद्दा पटतो, पण 'पूर्ण बरे झालेले' आणि 'बाकीचे' अशी रेघ ओढली की आम्ही कायमचे रेघेपलीकडे. आमच्यासाठीही काहीतरी मागा.

ऋता

अगदी बरोबर, आणि हे मूळ लेखात यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. फ्रान्समध्ये विसरले जाण्याच्या हक्काबरोबर दुसरी एक गोष्ट आहे. २००७ पासून 'एरास' नावाचा करार लागू आहे, त्यावर सरकार, बँका, विमा कंपन्या आणि रुग्णसंघटना यांच्या सह्या आहेत. त्यात आजारांचं एक कोष्टक असतं आणि नवं वैद्यकीय ज्ञान आलं की ते सुधारतात. काही कॅन्सरांना तिथे ५ वर्षांपेक्षाही कमी मुदत आहे. ज्या आजारांत माणूस औषधावर आयुष्य काढतो, उदाहरणार्थ एचआयव्ही, त्यांच्यासाठी कोणत्या अटी पूर्ण झाल्या तर विमा द्यायचा आणि जास्तीचा हप्ता किती मर्यादेत ठेवायचा, हे लिहिलेलं आहे. पोर्तुगालचा २०२१ चा कायदाही नुसत्या बरे झालेल्यांचा नाही. उपचार चालू ठेवून आजार आटोक्यात असलेल्यांनाही त्यात जागा आहे. तुमच्यासाठी मागायचं ते हे.

गणिती_विजय

कोष्टकाची कल्पना ॲक्च्युअरीला सगळ्यात पटणारी आहे. प्रकार, स्टेज, उपचाराचं वर्ष, किती वर्षं झाली, यावरून ठरलेला हप्ता. सगळ्या कंपन्यांना एकच कोष्टक, लोकांना बघायला खुलं. भारतात अडचण आकडेवारीची आहे. कर्करोग नोंदणी केंद्रं आहेत, पण उपचारानंतर पंधरा-वीस वर्षांचा पाठपुरावा फार थोड्या ठिकाणी होतो. आकडे नसले की अंडररायटर (अर्ज तपासून निर्णय घेणारा) सुरक्षित बाजू पकडतो. सुरक्षित बाजू म्हणजे नकार.

डॉ_सायली

पाठपुरावा आम्ही करतो हो. पण बरा झालेला रुग्ण पाच वर्षांनंतर येईनासा होतो. हे चांगलंच आहे, त्याला आयुष्य आहे. पण त्याचं बरं असणं कुठल्याच आकड्यात येत नाही. सगळ्यांना विनंती आहे, वर्षातून एकदा फॉलोअपला जा. तब्येतीसाठी तर जाच, पण तुमच्यानंतर अर्ज करणाऱ्यांसाठीही जा.

कडेकपारी

मी भारतात पॉलिसी मिळवली आहे, म्हणून अनुभव लिहितो. वृषणाचा कॅन्सर, सेमिनोमा, स्टेज १. ऑपरेशन झालं, नंतर फक्त तपासण्या.

पहिले दोन अर्ज ऑनलाइन केले. तिथे 'कॅन्सर: हो' टिक केलं की यंत्रच बाहेर काढतं, माणसापर्यंत अर्ज जातच नाही. तिसऱ्यांदा एका ओळखीच्या सल्लागारामार्फत कागदी अर्ज केला. सोबत काढलेल्या गाठीचा मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट (कॅन्सरचा प्रकार त्यावरच कळतो), ऑपरेशनचं डिस्चार्ज समरी, त्यानंतरचे सगळे स्कॅन आणि ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण शोधणाऱ्या रक्ततपासण्या) तारखेनुसार लावून, आणि ऑन्कोलॉजिस्टचं पत्र. पत्रात 'प्रकृती उत्तम' एवढंच असून चालत नाही. अमुक प्रकार, अमुक स्टेज, अमुक तारखेला उपचार पूर्ण, तेव्हापासून आजाराचा पुरावा नाही, पुन्हा होण्याची शक्यता अमुक, असं मुद्द्यांनी लिहून घ्या. हप्ता जास्त लागला, पण पॉलिसी आली.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कंपनीच्या ग्रुप आरोग्य विम्यात बहुतेक वेळा जुन्या आजाराला वेटिंग नसतं. नोकरी सोडायच्या आधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का ते विचारा. जेवढं वेटिंग तिथे भरलंय ते धरतात. राजीनाम्यानंतर धावपळ करण्यात अर्थ नाही.

सुमेधा_प

फार उपयोगी. प्रिंट काढून ठेवते.

ॲड_निशिगंधा

कडेकपारी यांच्या यादीत भर: नकार आला तर तो लेखी आणि कारणासह मागा. फोनवरच्या 'सॉरी मॅडम'ला किंमत नाही. उत्तर मिळालं नाही किंवा कारण पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर. विमा लोकपालाकडे मुख्यतः क्लेमचे वाद जातात. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते. आणि गृहकर्ज घेणाऱ्यांनो, बँकेने 'विमा घेतलाच पाहिजे' म्हटलं तर तसा नियम दाखवा म्हणावं. भारतात गृहकर्जाला आयुर्विम्याची कायदेशीर सक्ती नाही.

कावेरी

हे सगळं माझ्या भावाला कोणी सांगितलं असतं तर त्याने खरं लिहून अर्ज केला असता. तो खोटारडा नव्हता. त्याला खरं बोलून पॉलिसी मिळण्याची वाटच दिसत नव्हती. म्हणून मला ऋताचं म्हणणं पटतं. माणसाला खरं बोलायला जागा हवी, आणि ठरावीक वर्षांनी बोलायची गरजच उरायला नको.

ऋता

कावेरीताई, तुमचं हे मी जसंच्या तसं निवेदनात घालू का? नाव न देता.

मंडळी, चर्चेतून माझं मत थोडं बदललं, थोडं पक्कं झालं. 'प्रश्न विचारायला बंदी' हवीच. पण निळासावळा आणि विजय म्हणतात तसं त्याच्या जोडीला खुलं कोष्टक हवं, म्हणजे बंदीत न बसणारे वाऱ्यावर राहणार नाहीत. आयआरडीएआयला निवेदन पाठवायचं मनात आहे. मागण्या चार: (१) उपचार संपल्यावर ५ वर्षांनी कॅन्सरची माहिती मागायला मनाई, किमान एका रकमेपर्यंतच्या टर्म पॉलिसीला तरी; (२) लहानपणी झालेल्यांना त्याहून कमी मुदत; (३) मोजणी सक्रिय उपचार संपल्यापासून, गोळी चालू असली तरी; (४) मुदतीआधी नकार द्यायचा झाला तर लेखी, आकडेवारीच्या आधारासह.

निशिगंधा, मसुदा तुम्ही बघाल का? विजय, रकमेची मर्यादा किती ठेवावी ते तुम्ही सुचवा. ज्यांच्याकडे नकाराची पत्रं आहेत त्यांनी नाव-पत्ता झाकून फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. 'वैद्यकीय इतिहास' एवढंच लिहिलेली जितकी पत्रं जमतील तितकी हवीत.

ॲड_निशिगंधा

बघते. एचआयव्ही कायद्यातली शब्दरचना जशीच्या तशी वापरूया. संसदेने एकदा मान्य केलेली भाषा नाकारणं कठीण जातं.

गणिती_विजय

मर्यादा वार्षिक उत्पन्नाच्या पटीत ठेवा, एकच ठोक आकडा नको. रविवारपर्यंत हिशोब करून देतो.

मुक्तछंद

माझी तिन्ही पत्रं पाठवली. दोन इंग्रजीत, एक मराठीत. तिन्हींत कारण तेच दोन शब्द.

कावेरी

ऋता, घाल. आणि वहिनी म्हणतेय, नाव दिलंस तरी चालेल.